स्टोन, अँजी

(१८ डिसेंबर १९६१ – १ मार्च २०२५). अमेरिकन रॅपर (तालावर यमकबद्ध बोल म्हणणारी कलाकार), सोल या कृष्णवर्णीय भावगीतशैलीची गायिका व गीतकार. मूळ नाव अँजेला लॅव्हर्न ब्राउन. जन्म दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे. गाण्याची सुरुवात तेथील फर्स्ट नाझरेथ बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाली आणि चर्चमध्ये घडलेला तो भारदस्त गळा अखेरपर्यंत टिकला.

रॅप ज्याचा गाभा आहे त्या हिप-हॉपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, म्हणून त्याच्या आरंभाची कथा सहसा तिथल्या मुलांभोवतीच फिरते. स्टोन यांची कारकीर्द या कथेत बसत नाही. १९७९ मध्ये ‘शुगरहिल गँग’ हा रॅप गट कोलंबियात कार्यक्रमाला आली असता शेरिल कुक, ग्वेन्डोलिन चिझम आणि अँजी या मैत्रिणींनी थेट रंगमंचामागे जाऊन शुगर हिल रेकॉर्ड्स या तबकडी कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांना आपले गाणे ऐकवले. त्यातून ‘द सीक्वेन्स’ हा गट पुढे आला. गटात अँजी यांचे नाव होते ‘अँजी बी’. त्याच वर्षी निघालेली ‘फंक यू अप’ ही महिला गटाची पहिली रॅप तबकडी मानली जाते. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेला तबकडीवरचा पहिला रॅप गटही बहुधा हाच.

‘फंक यू अप’मधला एक तुकडा पुढे इतरांच्या ओठी गेला. रॅपर डॉ. ड्रे यांनी १९९५ मध्ये तो आपल्या गाण्याच्या ध्रुवपदात वापरला. गायिका एरिका बाडू यांनी २००३ मध्ये तो नव्याने घेतला तेव्हा मात्र अँजी यांनाच गायला बोलावले.

गट फुटल्यावर स्टोन यांनी रॉक गायक लेनी क्रॅव्हिट्झ यांच्या साथीला सॅक्सोफोन वाजवला आणि ‘व्हर्टिकल होल्ड’ या त्रिकुटातून त्या गायल्या. गायक डी’अँजेलो यांच्या ‘ब्राउन शुगर’ (१९९५) व ‘वूडू’ (२०००) या अल्बममधील काही गाण्यांच्या त्या सहलेखिका. निओ-सोल या, जुन्या सोलला नवे रूप देणाऱ्या प्रवाहाची पायाभरणी ज्या अल्बमांनी केली त्यांत हे दोन्ही मोडतात. तरी स्टोन यांचा उल्लेख अनेकदा डी’अँजेलो यांची एके काळची जोडीदार एवढाच होतो, हे अन्यायाचे आहे. दोघांना एक मुलगा आहे.

पहिला एकल अल्बम ‘ब्लॅक डायमंड’ १९९९ मध्ये आला, म्हणजे पहिल्या तबकडीनंतर तब्बल वीस वर्षांनी. नाव मुलगी डायमंड हिच्यावरून. त्यातले ‘नो मोअर रेन’ सोल गायिका ग्लॅडिस नाइट यांच्या जुन्या गाण्याच्या तुकड्यावर रचले आहे, तर ‘महॉगनी सोल’ (२००१) मधील ‘विश आय डिडन्ट मिस यू’ हे ‘द ओ’जेज’ या सोल गटाच्या ‘बॅक स्टॅबर्स’वर. ज्यांचा तुकडा इतरांनी उचलला त्याच आता थोरांकडून तुकडे घेत होत्या. पण त्यावर चढवलेली वेदना संपूर्ण त्यांची. ‘विश आय डिडन्ट मिस यू’ हे विरहाचे गाणे नृत्यगृहांत गाजले, ही त्यातली गंमत. ‘द आर्ट ऑफ लव्ह अँड वॉर’ (२००७) हा अल्बम बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत अग्रस्थानी गेला. ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारासाठी त्यांना तीनदा नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यभागात त्यांनी ‘शिकागो’ या संगीतिकेत तुरुंगाची मॅट्रन (अधीक्षिका) ‘मामा’ मॉर्टनची भूमिका केली.

अलाबामातील मोबील येथील कार्यक्रम आटोपून परतताना माँटगोमेरीजवळ त्यांची व्हॅन उलटली आणि मागून आलेला ट्रक तिच्यावर आदळला. स्टोन यांचे त्यात निधन झाले. त्या ६३ वर्षांच्या होत्या.