पुंजका खरा की योगायोगाचा?

कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ते तारे खरोखर एकत्र आहेत, की वेगवेगळ्या अंतरांवर असूनही आपल्याला एकाच दिशेला दिसतात? हा प्रश्न इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन मिशेल यांनी १७६७ मध्ये गणिताने सोडवायला घेतला. तेवढ्या तेजाचे सुमारे १५०० तारे आकाशात कसेही विखुरले, तर सहा तारे इतके जवळ येण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने पाच लाखांत एक निघाली. निष्कर्ष बरोबर होता, पण रीतीत एक फट होती: पुंजका आधी पाहिला आणि मग त्याचीच शक्यता मोजली.

निव्वळ योगायोग कसा दिसतो, हे सांगणारे सूत्र फ्रेंच गणिती पॉयसाँ यांनी १८३७ मध्ये दिले. १८९८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी ते प्रशियाच्या घोडदळाला लावले. दहा कोअर (सैन्याच्या मोठ्या तुकड्या), वीस वर्षे, घोड्याच्या लाथेने १२२ मृत्यू. दर कोअरमागे वर्षाची सरासरी ०.६१ आणि व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांचा पसारा, तोही जवळपास तेवढाच. व्हेरिअन्सला सरासरीने भागून येणारे गुणोत्तर हेच गर्दी मोजायचे सर्वांत साधे माप. ते एकच्या आसपास असेल तर योगायोग, बरेच वर गेले तर पुंजके, खाली आले तर घटना एकमेकींपासून अंतर राखून घडताहेत.

मला सर्वांत बोलके वाटते ते दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण. जर्मन उडते बॉम्ब लंडनच्या ठरावीक भागांवरच पडतात, असा लोकांचा समज होता. आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडून ५३७ बॉम्ब मोजले. एकही बॉम्ब न पडलेले चौकोन २२९ भरले. पॉयसाँ यांच्या सूत्राप्रमाणे ते सुमारे २२७ हवे होते. १९४६ मध्ये छापलेल्या या छोट्या टिपणातून दिसले, की योगायोगसुद्धा भरपूर पुंजके करतो आणि माणसाला ते योगायोगाचे वाटत नाहीत.

चौकोनांची अडचण अशी, की त्यांचा आकार बदलला की उत्तरही बदलते. म्हणून रिपली यांनी १९७६-७७ मध्ये लहानमोठ्या सगळ्या अंतरांवर शेजारी मोजणारे के-फलन मांडले. त्याआधी १९६४ मध्ये नॉक्स यांनी काळ आणि जागा एकत्र आणली होती. ईशान्य इंग्लंडमधल्या मुलांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) ९६ नोंदींत एक किलोमीटर आणि साठ दिवसांच्या आत येणाऱ्या जोड्या पाच निघाल्या. योगायोगाने एखादीच अपेक्षित होती.

मिशेल यांची फट बुजायला बराच काळ गेला. नाउस यांनी १९६५ मध्ये काळाच्या रेषेवर सरकत्या खिडकीचे गणित बसवले: खिडकी रेषाभर सरकवायची आणि तिच्यात एका वेळी जास्तीत जास्त किती घटना येतात ते पाहायचे. कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये नकाशावर सर्व आकारांची वर्तुळे फिरवली, प्रत्येक ठिकाणची लोकसंख्या हिशेबात धरली आणि सर्वांत ठळक वर्तुळाची तुलना संगणकाने तयार केलेल्या योगायोगी नकाशांतल्या सर्वांत ठळक वर्तुळांशी केली. नदीकाठाने पसरलेला लांबट पुंजका मात्र वर्तुळात नीट मावत नाही. त्यासाठी पुढे लंबवर्तुळे आणि वेड्यावाकड्या आकाराच्या खिडक्याही आल्या.