हनुवटी व जबड्याची कड : संयुक्त इंजेक्शन-उपचार

चेहऱ्याच्या खालच्या भागाची ठेवण शस्त्रक्रिया न करता बदलण्यासाठी दोन किंवा अधिक प्रकारची इंजेक्शने ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत. यात मुख्यतः तीन द्रव्ये वापरतात : भर घालणारे फिलर, स्नायू सैल करणारे बोट्युलिनम विष (बोटॉक्स हे त्याचे सर्वांत परिचित व्यापारी नाव) आणि चरबीच्या पेशी फोडणारे डीऑक्सिकोलिक आम्ल. दवाखान्यांत या साऱ्याला सरसकट ‘जॉलाइन करणे’ म्हणतात. मराठीत या रेषेला शब्दच रुळलेला नाही. जबडा म्हटले की दंतवैद्य आठवतो, नाहीतर वाघ. म्हणून येथे ‘जबड्याची कड’ असा साधा शब्द घेतला आहे.

तक्रार बहुधा एकाच शब्दात येते : ‘डबल चिन’. तिच्यामागची कारणे मात्र निरनिराळी असतात. कुणाच्या हनुवटीखाली खरोखरच चरबी साठलेली असते. कुणाचे हनुवटीचे हाड मुळातच मागे असते, त्यामुळे अंगाने सडपातळ असूनही गळा आणि हनुवटी यांच्यातला कोन बुजतो. अशा माणसाची चरबी घटवून फारसे काही हाती लागत नाही, हनुवटी पुढे आणावी लागते. वय वाढते तसे जबड्याचे हाड थोडे झिजते, गालाचा भार खाली उतरतो आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना खळगा पडून त्यामागे मांसल झोळ दिसू लागतो. कुणाचा चावण्याचा स्नायू, म्हणजे मॅसेटर, इतका जाड असतो की चेहरा खाली चौकोनी दिसतो. रात्री दात खाणाऱ्यांत आणि सतत सुपारी चघळणाऱ्यांत असे जबडे पाहायला मिळतात. चौघांना एकच औषध देणे म्हणजे खोकला, ताप आणि पोटदुखी यांवर एकच गोळी देण्यासारखे आहे. संयुक्त उपचाराचे समर्थन एवढेच; ‘पॅकेज’ घेतले की स्वस्त पडते, हे ते समर्थन नव्हे.

तिन्ही द्रव्ये सौंदर्योपचारात वेगवेगळ्या वाटांनी आली. बोट्युलिनम विषाचा वैद्यकीय वापर सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी सुरू केला. पापण्यांच्या झटक्यांवर तेच इंजेक्शन दिलेल्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात, हे व्हँकूव्हरच्या जीन व ॲलास्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने हेरले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या सौंदर्य-वापराला २००२ मध्ये मान्यता दिली. फिलरमधले हायल्युरॉनिक आम्ल कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळे केले होते. आजचे फिलर जीवाणूंकडून तयार करून घेतात आणि लवकर विरघळू नये म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतवतात. डीऑक्सिकोलिक आम्ल तर आपल्या पित्तातच असते. हनुवटीखालच्या चरबीसाठी ‘कायबेला’ या नावाने त्याला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर ‘व्होल्युमा’ या फिलरला हनुवटीसाठी २०२० मध्ये, त्याहून घट्ट ‘व्होलक्स’ला जबड्याच्या कडेसाठी २०२२ मध्ये आणि बोटॉक्सला मानेवरच्या उभ्या पट्ट्यांसाठी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मॅसेटर बारीक करण्याचा वापर पूर्व आशियात, विशेषतः दक्षिण कोरियात, त्याआधीच सर्रास रूढ झाला होता.

निम्मे काम सुई हातात घेण्याआधीच होते. रुग्णाला आडवे न करता ताठ बसवतात, कारण आडवे पडले की झोळ कानाकडे सरकतो आणि दोष झाकला जातो. ‘दात आवळा’ म्हटल्यावर मॅसेटरची गाठ बोटांखाली उभी राहते. तिच्या कडा पांढऱ्या पेन्सिलीने आखून घेतात. ओठ मिटायला सांगितले की काहींच्या हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे उमटतात. हा मेंटॅलिस स्नायूचा ताण. ‘ई’ म्हणायला लावल्यावर प्लॅटिस्मा नावाच्या पातळ स्नायूच्या पट्ट्या मानेवर ताणून दिसतात. मग मॅसेटरच्या पुढच्या कडेलगत हाडावर बोट टेकवून ठोका शोधतात. तेथून चेहऱ्याची मुख्य धमनी वर चढते. आरशासमोर दात आवळून वाचकालाही हा ठोका सापडेल.

क्रम ठरतो तो एका द्रव्याने दुसऱ्याचे काम बिघडवू नये म्हणून. मेंटॅलिस ताठ असताना हनुवटीत फिलर घातले तर स्नायू ते दाबत राहतो; म्हणून अनेक डॉक्टर आधी बोट्युलिनम देतात, दोनेक आठवडे थांबतात आणि मग फिलर घालतात. काही जण दोन्ही एकाच बैठकीत करतात. मॅसेटरच्या बाबतीत धीर लागतो : सैलपणा काही दिवसांत येतो, पण स्नायू रोडावून चेहरा अरुंद दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. आणि येथेच एक गोम आहे. त्वचा आधीच ढिली असेल तर स्नायूचा आधार कमी झाल्यावर झोळ अधिकच लोंबतो, आणि मग जबड्याच्या कोपऱ्यावर फिलरचा टेकू द्यावा लागतो. चरबी घटवायची असेल तर ते काम सहसा सर्वांत आधी उरकतात. डीऑक्सिकोलिक आम्लाची ०.२ मिलिलिटरची टोचणी एकेका सेंटिमीटरवर, एका बैठकीत जास्तीत जास्त ५० देता येतात. दोन बैठकींत किमान महिन्याचे अंतर आणि एकूण सहाच बैठका. टोचल्यावर हनुवटीखाली बेडकासारखी सूज येते, ती उतरेपर्यंत खरी कड कुठे आहे हेच कळत नाही. लग्न पंधरा दिवसांवर आले असताना हा उपचार सुरू करणे शहाणपणाचे नाही.

धोक्यांत सर्वांत गंभीर म्हणजे फिलर रक्तवाहिनीत जाणे किंवा तिच्यावर दाब पडणे. त्वचा एकाएकी पांढरीफटक पडते, जाळीदार निळसर डाग उठतात, वेदना वाढते. वेळ दवडली तर ती जागा सडू शकते. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर हायल्युरॉनिडेज या विकराने विरघळवता येते, म्हणून ते औषध हाताशी नसलेल्या ठिकाणी फिलर घेऊ नये. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपटाइट या खनिजाच्या, दुसऱ्या जातीच्या फिलरवर त्या विकराचा उपयोग होत नाही. डीऑक्सिकोलिक आम्ल जबड्याच्या कडेने जाणाऱ्या चेतातंतूला लागले तर हसू वाकडे होते. चाचण्यांत सुमारे ४ टक्के लोकांत हे दिसले, आणि पुढे आपोआप बरे झाले. मॅसेटरचे इंजेक्शन फार पुढे पडले तरी हसू बिघडते. गर्भवती व स्तनदा स्त्रिया, मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखे स्नायूंचे आजार असलेले रुग्ण आणि त्या जागी जंतुसंसर्ग असलेले लोक यांना हे उपचार करत नाहीत. ‘फॅट डिझॉल्व्हिंग’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या बिनमान्यतेच्या कुप्यांबद्दल अमेरिकी प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला होता. घरी बसून त्या टोचून घेणारे लोक आहेत, हे नवल.

सुईला मर्यादाही आहेत. जबडा इतका मागे असेल की वरखालचे दात नीट जुळत नाहीत, तर दात सरळ करण्याचे उपचार व जबड्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग. फिलर केवळ बाह्यरेषा झाकतो. त्वचा खूप लोंबत असेल तर फिलर वाढवत नेल्याने चेहरा जड व रुंद होतो, आणि बाईमाणसाला पुरुषी ठेवण येते. असा चेहरा घडवून पाठवण्यापेक्षा ‘तुमच्यासाठी हे नाही’ म्हणणारा डॉक्टर बरा.

परिणामाचे आयुष्य द्रव्यागणिक वेगळे असते. बोट्युलिनमचा असर साधारण तीन-चार महिने, मॅसेटरमध्ये थोडा अधिक. घट्ट फिलर वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकते. फुटलेल्या चरबीपेशी मात्र परत येत नाहीत. बोट्युलिनमच्या एका छापाची एकके दुसऱ्या छापाला लागू पडत नाहीत, त्यामुळे ‘मागच्या वेळी किती दिले’ या प्रश्नाला नुसता आकडा पुरत नाही. चांगल्या दवाखान्यात कुपीवरचा स्टिकर सोलून रुग्णाच्या कागदावर चिकटवतात : छाप, लॉट क्रमांक, किती मिलिलिटर किंवा एकके, कोणत्या जागी. तो कागद घरी जपून ठेवावा. वर्षभराने दुसऱ्याच गावात जबडा सुजला, तर आत काय घातले आहे हे डॉक्टरला त्यावरूनच कळते.