वयासाठी भागाकार नको, हातचा हवा

माझ्या भाचीचा जन्म १० जून २००५चा. १० जून २०२३ला, अठरा पूर्ण झाल्या दिवशीच, तिने हौसेने एक ऑनलाइन फॉर्म भरला. उत्तर आलं: वय १७, अपात्र. दुसऱ्या दिवशी तोच फॉर्म बिनबोभाट गेला.

मी हिशेब मांडला. मधले दिवस ६५७४. प्रोग्रॅमने त्यांना ३६५.२५ने भागलं असणार, येतात १७.९९८६, दशांश सोडले की १७. नुसत्या ३६५ने भागलं असतं, तर ती चार दिवस आधीच सज्ञान झाली असती! कायदा मात्र दिवस भागत बसत नाही. १८७५चा इंडियन मेजॉरिटी ॲक्ट सांगतो, की अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडताच माणूस सज्ञान होतो.

मग प्रोग्रॅमने काय करावं? मला फार आवडणारी एक युक्ती आहे. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सलग लिहायची: २००५०६१०. आजची तारीखही तशीच, २०२३०६१०. वजाबाकी १८००००. शेवटचे चार अंक पुसा, उरतात १८. आता एक दिवस मागे जा: २०२३०६०९ वजा २००५०६१०, म्हणजे १७९९९९. चार अंक पुसले की १७. हे जमतं कसं? ०६०९मधून ०६१० जात नाहीत, म्हणून डावीकडून, वर्षाच्या घरातून हातचा घ्यावा लागतो आणि एक वर्ष कमी होतं. ‘यंदाचा वाढदिवस अजून यायचाय’ हेच तो हातचा सांगतो. तिसरीतली हातच्याची वजाबाकी, लीप वर्षाचं नावही न घेता!

  

युक्तीत एक जागा मात्र अडते. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे ती तारीख पुन्हा आली ती थेट १९०४मध्ये. अशा माणसाचं वय इतर वर्षी २८ फेब्रुवारीला वाढवायचं की १ मार्चला? आपली वजाबाकी १ मार्च धरते. नियम २८चा असेल, तर ती अट प्रोग्रॅममध्ये वेगळी लिहावी लागते.