फुफ्फुसातली सूज आणि फायब्रोसिस: डीन शेपर्ड यांचं संशोधन

डीन शेपर्ड हे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले, म्हणजे यूसीएसएफमधले, फुफ्फुसाचे डॉक्टर आणि संशोधक. त्यांच्या लॅबचं नाव मुख्य करून एका प्रोटीनशी जोडलं गेलंय, अल्फा-व्ही-बीटा-६ इंटिग्रिन. नाव किचकट आहे, काम तेवढं किचकट नाही. सूज थांबवली म्हणजे फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुस जाड आणि कडक होत जाणं, आपोआप थांबेल असं काही नसतं, दोन्हींची गाडी वेगवेगळ्या रुळावरून जाऊ शकते, हे या प्रोटीनमुळे उंदरांमध्ये अगदी स्पष्ट दिसलं.

आपल्याकडे कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'एचआरसीटीचा स्कोर किती आला?' हे घराघरात विचारलं जायचं आणि तेव्हापासून लंग फायब्रोसिस हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, पण बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून स्कोर, सूज आणि फायब्रोसिस हे सगळं एकच आहे. तो स्कोर त्या वेळी फुफ्फुसाचा किती भाग बाधित दिसतोय एवढंच सांगायचा, आणि त्यातले बरेच डाग पुढच्या काही महिन्यांत विरून गेले. फायब्रोसिस असा सहज विरत नाही.

सूज म्हणजे जंतू, धूळ, धूर, एखादं औषध यांनी इजा केली की तिकडे पांढऱ्या पेशी गोळा होतात, पाणी झिरपतं, आणि काम झालं की बहुतेक वेळा हे ओसरतं. फायब्रोसिसमध्ये फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन टाकत सुटतात आणि थांबतच नाहीत, वायुकोशांच्या नाजूक भिंती जाड आणि कडक होतात, ऑक्सिजन रक्तात जायला अडतो, मग जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला जात नाही आणि डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला की श्वास घेताना चरचर ऐकू येते. कारण सापडतच नाही तेव्हा त्याला आयपीएफ म्हणतात, इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. हा साधारण साठीच्या आसपास किंवा पुढे दिसतो, पुरुषांमध्ये जास्त, आणि औषध नसताना निदानानंतर रुग्ण सरासरी ३ ते ५ वर्षं जगायचे, म्हणजे कितीतरी कॅन्सरपेक्षा वाईट.

जुना समज असा होता की आधी सूज येते, ती रेंगाळते आणि तिचाच शेवट फायब्रोसिसमध्ये होतो. १९३५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या हॅमन आणि रिच यांनी झपाट्याने वाढणाऱ्या फायब्रोसिसच्या केसेस मांडल्या, त्यानंतर कितीतरी दशकं उपचाराचा विचार याच वाटेने गेला. सूज मारा, पुढचं टळेल. म्हणून स्टिरॉइड. तर्क चुकीचा वाटत नाही, हीच त्याची अडचण होती.

शेपर्ड यांची सुरुवात फायब्रोसिसपासून झालीच नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशी आजूबाजूच्या गोष्टींना कशा चिकटतात हे त्यांना बघायचं होतं, आणि इंटिग्रिन म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची अशी प्रोटीन्स ज्यांनी पेशी बाहेरच्या जाळ्याला धरून ठेवते. गिनीपिगच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर पीसीआर वापरून त्यांच्या टीमला या घराण्यातला एक नवाच सदस्य सापडला, बीटा-६ (अल्फा-व्ही-बीटा-६ मधला बीटा-६ तो हाच), आणि त्याचा पूर्ण अमिनो आम्ल क्रम १९९० मध्ये छापून आला. हा बीटा-६ फक्त अस्तराच्या पेशींमध्ये असतो. निरोगी फुफ्फुसात अगदी थोडा, इजा झाली की भरपूर.

मग त्यांनी बीटा-६ चं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. १९९६ चा हा पेपर शाओझू हुआंग यांच्या नावाने आहे, आणि त्या उंदरांचं जे झालं ते कोणी आधी सांगितलं नसतं. पिल्लं टकली झाली, कारण कातडीत मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी जमल्या होत्या, आणि फुफ्फुसात श्वासनलिकांभोवती लिम्फोसाइट, याही पांढऱ्या पेशीच, गोळा झाले. कुठला संसर्ग नाही, काही नाही, तरी सूज. म्हणजे हे प्रोटीन नुसतं चिकटवण्याचं काम करत नव्हतं, ते सूज दाबूनही ठेवत होतं.

आता अशा, आधीच फुफ्फुस सुजलेल्या उंदराला ब्लिओमायसिन दिलं तर? ब्लिओमायसिन हे जपानच्या हमाओ उमेझावा यांनी एका जिवाणूपासून मिळवलेलं कॅन्सरचं औषध, वृषणाच्या कॅन्सरमध्ये आणि हॉजकिन लिम्फोमामध्ये अजूनही वापरतात, पण ते फुफ्फुसाला घातक ठरू शकतं, कारण त्याला निकामी करणारं एन्झाइम फुफ्फुसात आणि कातडीत कमी असतं. हाच दोष संशोधकांच्या कामी आला, उंदराच्या श्वासनलिकेत सोडलं की काही आठवड्यांत फायब्रोसिस तयार. जुन्या समजाप्रमाणे बीटा-६ नसलेल्या उंदरांना सगळ्यात जास्त फायब्रोसिस व्हायला हवा होता. झालं उलटंच: सूज आली, फायब्रोसिस जवळजवळ आलाच नाही.

याचं उत्तर १९९९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलं, न्यूयॉर्कचे जॉन मंगर आणि डॅनियल रिफकिन यांच्यासोबत. फायब्रोसिसचा सगळ्यात मोठा हुकूम देणारं प्रोटीन म्हणजे टीजीएफ-बीटा. ते शरीरात सगळीकडे साठवलेलं असतं, पण गाठोड्यात करकचून बांधल्यासारखं, स्वतःच्याच एका तुकड्यात गुंडाळलेलं, त्यामुळे असून नसल्यासारखं. अल्फा-व्ही-बीटा-६ त्या आवरणावरच्या एका ठरावीक जागी पकड घेतं आणि पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या जोरावर ओढतं, की आतला टीजीएफ-बीटा कामाला लागतो. २०११ मध्ये टिमोथी स्प्रिंगर यांच्या टीमने या गुंडाळलेल्या टीजीएफ-बीटाची रचना दाखवली तेव्हा ही ओढण्याची कल्पना डोळ्यांनी दिसावी इतकी पटली.

टीजीएफ-बीटा दोन कामं करतो, कोलॅजन बनवायला लावतो आणि सूज आवरतो. बीटा-६ काढलं की दोन्ही थांबतात, म्हणून सूज मोकाट आणि फायब्रोसिस बंद. एका प्रयोगात जुना समज इतका उलटा पडलेला फार क्वचित बघायला मिळतो. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, तेव्हा या लॅबमध्ये असलेले नफ्ताली कमिन्स्की यांनी मायक्रोअ‍ॅरे वापरून फुफ्फुसातली हजारो जनुकं एकदम तपासली आणि सूजेची जनुकं आणि फायब्रोसिसची जनुकं हे दोन वेगळे गट आहेत असं दाखवलं.

हे सगळं वाचून कोणालाही वाटेल की चला, बीटा-६ बंद करणारं औषध काढा आणि संपवा. शेपर्ड यांच्याच लॅबने २००३ मध्ये 'नेचर'मध्ये पहिली धोक्याची घंटा वाजवली होती: बीटा-६ नसलेले उंदीर म्हातारे झाले की त्यांना एम्फिसिमा व्हायचा, म्हणजे वायुकोशांच्या भिंतीच झिजून जायच्या. टीजीएफ-बीटाचा लगाम सुटला की मॅक्रोफेज एमएमपी-१२ नावाचं एन्झाइम जास्त बनवतात आणि ते भिंती खातं. म्हणजे एका बाजूने कडक होणारं फुफ्फुस वाचवायला जावं तर दुसऱ्या बाजूने ते विरायला लागायचं. २००८ मध्ये उंदरांमध्येच असं दिसलं की अँटिबॉडीचा डोस कमी ठेवून बीटा-६ अर्धवटच दाबलं तर सूज न वाढता फायब्रोसिस कमी होतो, आणि त्यावर बऱ्याच आशा बांधल्या गेल्या.

माणसांमध्ये जुन्या समजाचा निकाल २०१२ मध्ये लागला, आणि तो फार महागात पडला. अमेरिकेतल्या पँथर नावाच्या ट्रायलमध्ये आयपीएफच्या रुग्णांना प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन असं तिघांचं मिश्रण दिलं जात होतं, जे तोवर सर्रास वापरात होतं. ७७ रुग्णांना हे मिश्रण आणि ७८ जणांना नुसती खोटी गोळी. मिश्रणाच्या गटात ८ मृत्यू, दुसऱ्या गटात १. हॉस्पिटलात भरती २३ विरुद्ध ७. हा भाग मधेच थांबवावा लागला. सूज मारणारी औषधं आयपीएफमध्ये निरुपयोगी तर होतीच, वर घातक निघाली, आणि ती वर्षानुवर्षं चांगल्या हेतूने लिहून दिली जात होती.

आज आयपीएफवर जी औषधं आहेत ती सूजेवरची नव्हेत. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन्हींना अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये एकाच दिवशी मंजुरी मिळाली (जपानमध्ये पिरफेनिडोन २००८ पासूनच होतं, भारतातही अमेरिकेच्या आधी आलं). दोन्ही रोग बरा करत नाहीत, ढासळण्याचा वेग कमी करतात, आणि एकात भूक जाते, ऊन सोसत नाही, दुसऱ्यात जुलाब, त्यामुळे बरेच रुग्ण मधेच सोडून देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेरँडोमिलास्ट हे तिसरं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

बीटा-६ वरच्या औषधांचं मात्र अजून जमलेलं नाही. बीजी-०००११ नावाच्या अँटिबॉडीची ट्रायल २०१९ मध्ये थांबली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये आजार अचानक उसळण्याचं आणि मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं. मग शेपर्ड ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आहेत त्या प्लायंटने बेक्सोटेग्रास्ट ही गोळी आणली. सुरुवातीच्या ट्रायलमध्ये ती चांगली वाटली, पण २०२५ मध्ये सुरक्षा बघणाऱ्या स्वतंत्र समितीच्या सल्ल्यावरून मोठी ट्रायल बंद करावी लागली. आधीच्या उंदरांकडे बघितलं तर फार धक्का बसू नये असं मला वाटतं. शिवाय ब्लिओमायसिनचा उंदीर तरुण असतो, त्याचा फायब्रोसिस बराचसा आपोआप ओसरतो, आणि आयपीएफचा रुग्ण म्हातारा असतो आणि त्याचा ओसरत नाही.

भारतात हा सूज-फायब्रोसिसचा हिशोब थोडा वेगळा पडतो. देशातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांवरच्या १०८४ रुग्णांची नोंद करणारा इंटरस्टिशियल लंग डिसीजचा (फुफ्फुसाच्या भिंतींना सूज किंवा फायब्रोसिस होणाऱ्या आजारांचा) रजिस्टर अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात आयपीएफ फक्त १३.७ टक्के आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस ४७.३ टक्के निघाला, आणि या न्यूमोनायटिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा एअर कूलरशी संबंध आला होता. कूलरच्या ओल्या पॅडवरची बुरशी, पक्ष्यांची विष्ठा आणि पिसं, असलं काहीतरी वर्षानुवर्षं श्वासातून आत जातं आणि फुफ्फुस त्यावर चिडतं. मुंबईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकल्यावर केवढा गदारोळ झाला, मामला हायकोर्टात गेला, त्या सगळ्यामागे आरोग्याचा जो मुद्दा होता तो हाच आजार. इथे सूज खरोखर आधी येते, आणि कारण लवकर ओळखून तोडलं, गरज पडली तर स्टिरॉइड दिलं, तर बऱ्याच जणांचं नुकसान वाचतं. पण फायब्रोसिस एकदा बसला की याही आजाराची वाट आयपीएफसारखीच होऊ लागते. म्हणून 'फायब्रोसिसमध्ये स्टिरॉइड नको' हे वाक्य सगळीकडे लावू नये, आणि 'फुफ्फुसाला सूज आहे, स्टिरॉइड घ्या' हेही नाही.

शेपर्ड यांचं अलीकडचं काम कोलॅजन टाकणाऱ्या पेशींवर आहे. २०२० मध्ये तात्सुया त्सुकुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक पेशी वेगळी वाचण्याच्या तंत्राने दाखवलं की सगळे फायब्रोब्लास्ट सारखे नसतात, सीटीएचआरसी-१ हे जनुक चालू असलेला एक छोटा गटच सगळ्यात जास्त कोलॅजन बनवतो. ही पेशी येते कुठून यावर खूप वाद होते. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये याच टीमने वंश शोधून काढला: ती वायुकोशांच्या भिंतीतल्या साध्या, रोजचं काम करणाऱ्या फायब्रोब्लास्टपासून येते. आणि गंमत म्हणजे ती मधे एक टप्पा घेते. इजा झाल्यावर आयएल-१ बीटासारख्या संदेशांनी ही पेशी आधी सूजेची पेशी बनते, मग टीजीएफ-बीटा येऊन सूजेचं रूप दाबतो आणि कोलॅजनचं रूप चढवतो. त्या पेशीचा टीजीएफ-बीटा ऐकण्याचा रिसेप्टर काढून टाकला तर ती कोलॅजनवाली होतच नाही, सूजेच्या टप्प्यावरच अडकून राहते, जे १९९६ च्या त्या टकल्या पिल्लांशी बऱ्यापैकी जुळतं. बीटा-६ बंद करून वर टीजीएफ-बीटा अडवण्याऐवजी खाली फक्त याच पेशींना गाठता येईल का, हा यातून उभा राहिलेला पुढचा प्रश्न आहे.