प्राध्यापक भरती : तुमच्या अनुभवाची किती वर्षे धरली जातात आणि ती सिद्ध कशी करायची?

विद्यापीठात नव्याने रुजू होणाऱ्या प्राध्यापकांमध्ये कुणी दहा वर्षे सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) शिकवलेले असते, कुणी संशोधन संस्थेतून आलेले असते, कुणी कंपनीतली नोकरी सोडून आलेले. जाहिरात निघाली की सगळ्यांना एकच शंका असते : आजवर केलेले काम धरले जाणार की नाही? पात्रतेच्या अटींवर सगळे बोलतात, अनुभवाच्या नियमावर मात्र फार कमी जण नीट बोलतात. चांगले उमेदवार अडतात ते याच ठिकाणी, म्हणून या लेखात त्यावरच जास्त लिहिले आहे.

आधी मूळ पात्रता थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेयर) आणि दिव्यांग उमेदवारांना गुणांत ५ टक्के सवलत आहे. यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या नियमांप्रमाणे पीएचडी झालेली असेल तर नेट-सेटमधून सूट मिळते. ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी झालेल्या पीएचडीसाठी मात्र पाच अटी पूर्ण झाल्याचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र लागते. त्यावर कुलसचिवांची किंवा अधिष्ठात्यांची सही हवी. हे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता आजच अर्ज करून ठेवा.

सहयोगी प्राध्यापकासाठी पीएचडी, ८ वर्षांचा अनुभव, ७ शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण लागतात. प्राध्यापकपदासाठी हेच आकडे १० वर्षे, १० निबंध आणि १२० गुण असे होतात. शिवाय पीएचडीच्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा द्यावा लागतो. सहयोगी पदासाठीचा अनुभव कॉलेजातलाच हवा असे नाही. मान्यताप्राप्त संशोधन संस्था किंवा उद्योगातले, सहायक प्राध्यापकाच्या तोडीच्या पदावरचे कामही चालते. पद 'तोडीचे' होते हे दाखवायची जबाबदारी मात्र उमेदवाराची, म्हणून कंपनीकडून पदनाम, वेतन आणि कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र घ्या.

आता कळीचा भाग, पूर्वीची सेवा धरण्याचा. नियमावलीच्या दहाव्या कलमात तो आहे. कायमस्वरूपी सेवेचा प्रश्न सहसा येत नाही. तात्पुरत्या, हंगामी किंवा कंत्राटी सेवेला तीन अटी आहेत, मग त्या नेमणुकीला नाव काहीही दिलेले असो. एक, त्या पदाची पात्रता यूजीसीने ठरवलेल्या पात्रतेपेक्षा कमी नसावी. दोन, नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीवरून झालेली असावी. तीन, मिळणारे एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नसावे. अतिथी व्याख्याता म्हणून केलेले काम, कितीही वर्षांचे असो, धरले जात नाही.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची खरी अडचण तिसऱ्या अटीत आहे. नियमित सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, आणि तासिकांचे मानधन त्याच्या जवळपासही जात नाही. वर्गात तोच अभ्यासक्रम, तेच पेपर तपासणे, तीच परीक्षेची कामे, आणि तरीही सहयोगी पदाच्या अर्जात ती वर्षे शून्य होतात. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण अर्ज भरताना तो आहे तसाच गृहीत धरावा लागतो.

एक दिलासा याच कलमात आहे : संस्था खासगी, स्थानिक स्वराज्य संस्थेची की सरकारी, असा भेद करता येत नाही. विनाअनुदानित कॉलेजात रीतसर निवड होऊन पूर्ण वेतन मिळाले असेल तर ती सेवा तितकीच वैध आहे.

पीएचडीच्या काळाबद्दलही गैरसमज आहेत. केवळ पदवी मिळवण्यासाठी गेलेली वर्षे अनुभवात येत नाहीत. पण कोणतीही रजा न घेता, शिकवत शिकवत पीएचडी केली असेल, तर तो सेवाकाळ धरला जातो. म्हणून रजेच्या नोंदींचा उतारा अर्जासोबत जोडा.

सहायक प्राध्यापकाच्या छाननीत २०१८ च्या तक्त्यांप्रमाणे अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १० गुण आहेत, आणि वर्षापेक्षा कमी काळाला त्या प्रमाणात. नेट-जेआरएफला (नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला पात्र ठरणे) विद्यापीठाच्या तक्त्यात ७, तर महाविद्यालयाच्या तक्त्यात १० गुण आहेत, म्हणजे पाच वर्षांचा धरला गेलेला अनुभव यादीत मोठी उडी देऊ शकतो. सीएचबीचे काम या गुणांसाठी कसे मोजणार, हे जाहिरातीतल्या टिपेत पाहा. तिथे स्पष्ट नसेल तर आस्थापना विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जाहिरातीतल्या अटी वेगळ्या असतील तर त्याच लागू होतील.

कागदपत्रांत सगळ्यात कच्चा दुवा असतो अनुभवाचे प्रमाणपत्र. बहुतेक कॉलेजे दोन ओळींत 'यांनी आमच्याकडे अध्यापन केले, वर्तणूक चांगली आहे' एवढेच लिहून देतात. अशा कागदाने छाननी समितीचे समाधान होत नाही. त्यात पदनाम, विषय, नेमणुकीचे स्वरूप, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, वेतनश्रेणी व एकूण मासिक वेतन, निवड समितीच्या बैठकीची तारीख आणि नेमणुकीला विद्यापीठाने दिलेल्या मान्यतापत्राचा क्रमांक हे सगळे हवे. सोबत नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, मान्यतापत्र आणि कार्यमुक्ती आदेश जोडा. सत्रासत्राला नवा आदेश निघत असेल तर प्रत्येक सत्राचा आदेश स्वतंत्र लावा. दोन आदेशांमधले रिकामे महिने गाळून बेरीज करा, कारण छाननीत ते गाळले जातातच. वेतनाचा पुरावा म्हणून पगारपत्रक, बँकेचा उतारा आणि फॉर्म १६ ठेवा. मानधनातून कर कापला असेल तर फॉर्म १६-ए मिळतो, आणि त्यावरून ती रक्कम पगार नव्हती हे लगेच दिसते.

हे कागद नोकरी सोडतानाच मागून घ्या. प्राचार्य बदलतात, संस्थाचालकांशी बिनसते, जुन्या फायली सापडत नाहीत. मान्यतापत्राची प्रत कॉलेज देत नसेल तर संलग्न विद्यापीठाच्या मान्यता विभागात अर्ज करा. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजाच्या बाबतीत माहिती अधिकारातही अर्ज करता येतो.

बाकीचे कागद नेहमीचेच : गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्रे, नेट-सेट प्रमाणपत्र, राखीव पदासाठी जात व वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे चालू मुदतीचे नॉन-क्रीमीलेयर, आणि नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी शोधनिबंधांवरचे आणि पदवीवरचे नाव जुळते का, हे आधीच तपासावे.

सध्या नोकरीत असलेल्यांनी अर्ज कार्यालयामार्फतच पाठवावा. ना हरकत प्रमाणपत्राला उशीर होणार असे दिसले तर मुदतीत आगाऊ प्रत पाठवा आणि कार्यालयाकडे अर्ज दिल्याची पोच जोडा. ऑनलाइन अर्जानंतर छापील प्रतींचे संच मागितले असतील तर पानांना क्रमांक द्या आणि अनुभवाच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे तिच्या पुराव्याचा पान क्रमांक लिहा.