फुलांची तार मागताना : आकडा मोठा, तार बारीक

सांगलीतील आमच्या दुकानात कोणी फुलांची तार, म्हणजे फुलाला आधार द्यायची बारीक धातूची तार, मागितली की आम्ही आधी विचारतो, "कोणत्या फुलासाठी हवी आहे?" काही ग्राहकांना ही नसती चौकशी वाटते, आणि गौरी-गणपतीच्या गर्दीत "तार द्यायला एवढे प्रश्न कशाला?" असे एकदोघांनी बोलूनही दाखवले आहे. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. तरीही हा प्रश्न आम्ही सोडणार नाही. त्यामागचे कारण प्रत्येकाला काउंटरवर उभे राहून सांगणे शक्य होत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा उलटा चालतो. आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. ब्रिटिश प्रमाणानुसार 18 गेजची तार सुमारे 1.22 मिलिमीटर जाड असते, 22 ची 0.71, 24 ची 0.56 आणि 28 ची जेमतेम 0.38 मिलिमीटर. हा उलटेपणा तार ओढण्याच्या पद्धतीतून आला आहे. धातूची सळी एकापेक्षा एक लहान भोकांतून ओढत नेली की तिची तार होते. सोनाराकडे भोकांची पोलादी पट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जितक्या जास्त वेळा ओढावी तितकी तार बारीक होते आणि आकडा वाढत जातो. ब्रिटनमध्ये 1884 साली हे आकडे कायद्याने ठरवले गेले आणि आपल्याकडच्या व्यवहारातही ते रुळले. अमेरिकी प्रमाण थोडे वेगळे असल्यामुळे बाहेरून आलेल्या बंडलावर 24 लिहिलेले असले, तरी ती तार नेहमीच्या 24 पेक्षा किंचित बारीक निघू शकते. म्हणून पूर्वी वापरलेल्या तारेसारखीच तार हवी असेल, तर आकड्यापेक्षा तिचा बोटभर तुकडा सोबत आणणे केव्हाही चांगले.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथेच. गेल्या वर्षी विट्याच्या एका ताईंनी जर्बेऱ्याच्या सजावटीसाठी फोनवरून तार मागवली. "जाड पाठवा, 28 नंबरची," असे त्या म्हणाल्या आणि आम्हीही घाईत ऐकले तसे पाठवले. फुलांनी दुपारपर्यंत माना टाकल्या. बंडले मापाने कापून दिलेली असल्यामुळे परत घेता येईनात, आणि योग्य तार पोहोचेपर्यंत गौरी जेवून उठल्या होत्या. चूक अर्धी त्यांची आणि अर्धी आमची, कारण फूल कोणते हे आम्ही विचारायला हवे होते. तेव्हापासून विचारतो.

एका गेजने काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण तारेचा ताठपणा जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, तर त्याहून फार झपाट्याने वाढतो. धातू तोच असेल आणि जाडी दुप्पट केली, तर ताठपणा सोळा पट होतो. या हिशेबाने 18 गेजची तार 28 गेजच्या तारेपेक्षा शंभर पटींहून अधिक ताठ ठरते. जर्बेऱ्याचे जड तोंड सावरायला 18 किंवा 20 ची तार लागते, तर गुलाबाला आणि कार्नेशनला 20 ते 22 पुरते. शेवंतीला 22 चालते, निशिगंधाच्या सुट्या फुलांना आणि छोट्या कळ्यांना 26 किंवा 28 लावावी. पानामागून टाका घालायचा असेल, तर 28 ते 30 पेक्षा जाड तार घेऊ नये, कारण पान फाटते. मोगऱ्याच्या गजऱ्यासाठी मात्र आमच्याकडे तार मागू नये. तो दोऱ्यातच गुंफावा. तारेने मोगऱ्याचा नाजूक देठ कापला जातो.

तार घालण्याची रीतही फुलागणिक बदलते. गुलाबाच्या पाकळ्यांखाली जो हिरवा फुगीर भाग असतो, त्यातून तार आडवी पार करावी, दोन्ही टोके खाली वाकवावीत आणि एक टोक दुसऱ्याभोवती व देठाभोवती गुंडाळावे. जर्बेऱ्यात आणि शेवंतीत तार देठातून वर नेऊन तिच्या टोकाला बारीक आकडी करतात आणि ती फुलाच्या मधोमध रुतेपर्यंत खाली ओढतात. देठ काढून नुसत्या तारेवर लावलेल्या फुलाला पाणी मिळत नाही, त्यामुळे असे काम समारंभाच्या शक्य तितके जवळ करावे.

तारेवर गुंडाळायच्या हिरव्या टेपबद्दलही नेहमी तक्रार येते की तिला चिकटच नाही. ती मेण लावलेली कागदी पट्टी असते आणि ताणल्याशिवाय चिकटत नाही. एका हाताने तार फिरवत आणि दुसऱ्या हाताने टेप ओढत गेल्यास ती घट्ट बसते. सैल गुंडाळलेली टेप आम्ही बदलून देत नाही, पण गुंडाळून मात्र दाखवतो.

स्टॉकिंगची (ताणल्या जाणाऱ्या नायलॉन जाळीची) आणि क्रेप कागदाची फुले करणाऱ्यांची अडचण निराळी असते. रुखवतात मांडण्यासाठी ही फुले आजही हौसेने केली जातात आणि अनेकजणी पाकळीला व दांड्याला एकच तार वापरतात. मग पाकळीची जाळी ताणताना एक तर तार वळत नाही, नाही तर दांडा झुकतो. पाकळीच्या कड्यासाठी 24 किंवा 26 ची रंगीत तार आणि दांड्यासाठी 18 ची कागद गुंडाळलेली तार, अशा दोन वेगळ्या तारा घ्याव्यात. यामुळे आमचा खप थोडा वाढतो हे खरे, परंतु फुलदाणीत उभे राहणारे फूल हवे असेल तर दुसरा मार्ग नाही.

बांधकामाची काळी तार स्वस्त मिळते, मग ही महाग का, असेही विचारले जाते. मखराचा किंवा तोरणाचा सांगाडा झाकलाच जाणार असेल, तर ती काळी तार खुशाल वापरावी. आम्हीही तेच सांगतो. फुलाला मात्र ती लावू नये. तिचा काळा थर हाताला आणि पाकळ्यांना लागतो, आणि ओल्या देठाजवळ ती लवकर गंजते. फुलांच्या तारेवरील रंगाचा किंवा कागदाचा थर या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठीच असतो. कापण्यासाठी घरची कापडाची कात्री वापरू नये, तिची धार जाते. साधी पक्कड किंवा कटर पुरेसा आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या विक्रीशी संबंधित नसूनही सांगावी लागते. निर्माल्य कृष्णाकाठी न्यायचे असो की खताच्या खड्ड्यात टाकायचे असो, त्यातील सर्व तार आधी सोडवून घ्यावी. चाऱ्यासोबत गिळलेली तार गाई-म्हशींच्या पोटातील जाळीदार कोठ्यात अडकते आणि पुढे सरकून काळजापर्यंत टोचू शकते. सोडवलेली 18 आणि 20 ची तार गंजली नसेल, तर सरळ करून पुन्हा वापरता येते.

न उघडलेले रीळ आम्ही आठ दिवसांत बदलून देतो. मापाने कापलेली तार परत घेत नाही, म्हणूनच 18 ते 28 गेजचे बोटभर तुकडे चिकटवलेले नमुना कार्ड काउंटरवर मोफत ठेवले आहे. ते घरी न्यावे, हातातल्या फुलाला एकेक तुकडा लावून पाहावा आणि मग फोनवर तार मागवताना गेजच्या आधी फुलाचे नाव सांगावे.