व्हिया रेल कॅनडा

व्हिया रेल ही कॅनडाची सरकारी पॅसेंजर ट्रेन कंपनी, हेड ऑफिस मॉन्ट्रियलला. आपण 'व्हाया मनमाड' म्हणतो ना, तोच हा लॅटिन शब्द, अर्थ रस्ता, फक्त तिकडे उच्चार व्हिया करतात.

लोक कार आणि विमानाकडे वळले तशा कॅनेडियन नॅशनल (सीएन) आणि कॅनेडियन पॅसिफिक या दोन मोठ्या कंपन्यांच्या पॅसेंजर गाड्या तोट्यात गेल्या, म्हणून १९७७ मध्ये आधी सीएनची उपकंपनी म्हणून व्हिया काढली आणि १९७८ मध्ये ती वेगळी सरकारी कंपनी झाली. गाड्या तिच्याकडे आल्या पण रूळ जुन्या मालकांकडेच राहिले, आणि माझ्या मते सगळं दुखणं इथंच आहे. व्हिया धावते त्यातला जेमतेम ३ टक्के रूळ तिचा स्वतःचा, बाकी बहुतेक सीएनचा.

पश्चिमेकडे लाइन बरीचशी सिंगल आहे, म्हणजे समोरून गाडी आली की एकीने लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, थांबायचं, कोकण रेल्वेवर आपण क्रॉसिंगला थांबतो तसंच. पण तिकडच्या मालगाड्या तीन-तीन किलोमीटर लांब असतात, त्या बऱ्याच लूपमध्ये मावतच नाहीत, मग बाजूला व्हायचं कोणी तर पॅसेंजरने, आणि तासन् तास लेट होते. अमेरिकेत ॲमट्रॅकला (तिथली पॅसेंजर ट्रेन कंपनी) मालगाडीच्या आधी वाट द्या असं कायदा तरी सांगतो, व्हियासाठी तसा कायदा नाही, कंपनीच मुळात स्वतंत्र कायदा न करता सरकारी आदेशावर उभी केलेली. त्यामुळे कात्री लावणं सोपं जातं. १९८१ मध्ये लागली, मग १५ जानेवारी १९९० ला जवळपास निम्मी सेवा गेली.

तेव्हाच 'कॅनेडियन' ही टोरांटो-व्हँकुव्हर गाडी कॅल्गरी-बॅन्फ सोडून उत्तरेच्या एडमंटन-जॅस्पर मार्गावर नेली. ४,४६६ किमी, चार रात्री, डबे अजून १९५० च्या दशकातले स्टेनलेस स्टीलचे, वर काचेचा डोम. अतिशय देखणी गाडी, पण आता ती जास्त करून टुरिस्टांची. रोजचे प्रवासी बहुतेक सगळे पूर्वेकडच्या क्युबेक सिटी-विंडसर पट्ट्यातले.

खरी गरज दिसते ती विनिपेग-चर्चिल गाडीत, साधारण १,७०० किमी. हडसन बेच्या काठावरच्या चर्चिलला रस्ताच जात नाही. २०१७ च्या पुरात रूळ वाहून गेले आणि जवळपास दीड वर्ष ट्रेन बंद राहिली, तेव्हा गावात यायचं-जायचं तर विमानाचं महागडं तिकीट काढूनच.